शिडीला हार, बंबाला चालक नाही

महापालिकेने नवी शिडी घेतली की तिचा थाट बघण्यासारखा असतो. बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, आरशाला झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू, समोर नारळ. आयुक्त पिंजऱ्यात चढतात, मग आमदार चढतात, मग आमदारांचे दोन कार्यकर्ते चढतात. तिसरा पाय टाकायला लागला की फायरमन हळूच सांगतो, साहेब, वजनाची मर्यादा आहे. शिडी वर जाते. खाली बातमीदार लिहून घेतात: इतके मीटर, इतके कोटी, अमुक देशाची बनावट. दुसऱ्या दिवशी फोटो. शहर सुरक्षित झालं.

ही शिडी चालवणार कोण, हे विचारून त्या दिवशी कोणी रसभंग करत नाही.

मीटर आणि कोटी आमच्या स्थानिक स्वराज्य संस्थांना झटकन कळतात. मिनिटं कळत नाहीत, आणि आग तर मिनिटांवरच चालते. २०१२च्या सुमारास केंद्रीय गृहखात्यासाठी देशभराची पाहणी झाली. बंब शहरात पाच ते सात मिनिटांत आणि खेड्यात वीस मिनिटांत पोचला पाहिजे, असं धरून हिशेब मांडला गेला. त्यातून निघालं असं की देशाला जेवढी अग्निशमन केंद्रं लागतात, त्यातली सुमारे ९७ टक्के नाहीतच. माणसांची तूट ९६ टक्क्यांच्या वर. शंभरात तीन गुण मिळवणाऱ्या पोराला आपण सरळ नापास म्हणतो. खात्याच्या बाबतीत त्याला ‘बळकटीकरणास वाव’ असं म्हणतात.

बळकटीकरणाला पैसे नाहीत असंही नाही. जुलै २०२३ मध्ये केंद्राने राज्यांच्या अग्निशमन सेवांचा विस्तार आणि आधुनिकीकरण यासाठी ५,००० कोटींची योजना सुरू केली. पण पैसा आला की पहिल्यांदा येते ती गाडी. गाडीला निविदा असते आणि निविदेत सगळ्यांना रस असतो. माणसाला लागते भरती. भरतीला लागतो आकृतिबंध. आकृतिबंधाला लागते मंत्रालयाची मंजुरी. ती मिळाली तरी आस्थापना खर्च पस्तीस टक्क्यांच्या आत पाहिजे, नाहीतर मंजूर पदंही भरता येत नाहीत. मग नगरपरिषद व्यवहारी तोडगा काढते: ठेकेदाराकडून चालक घेते. तो ठेकेदार आदल्या वर्षी बागेला माळी पुरवत होता. माळीही चांगले होते, तक्रार नाही.

आता ती पाच मिनिटं जातात कुठे, ते बघू. १०१ला फोन लागतो. वर्दी येते. हातातला घास ताटात टाकून माणसं गाडीकडे पळतात, गमबूट चालत्या गाडीत चढवतात. इथपर्यंत बोट ठेवायला जागा नाही. केंद्राच्या फाटकातून बंब बाहेर पडला की पुढचा वेळ शहराच्या हातात असतो, आणि शहर तो मनसोक्त खातं. आधी खोदलेला रस्ता. मग माननीयांच्या वाढदिवसाची कमान. तिच्याखालून कार जाते, बंब जात नाही. मग गल्ली, जिच्या दोन्ही बाजूंना गाड्या आणि मधे एक टेम्पो, ज्याचा ड्रायव्हर ‘आत्ता आलो’ म्हणून गेलेला. मग सोसायटीचं फाटक, आणि फाटकावर ट्रक आत येऊ नयेत म्हणून सर्वसाधारण सभेत एकमताने बसवलेला लोखंडी आडवा दांडा. मग केबलच्या वायरींचं जाळं. मग वॉचमन, ज्याला वाटतं की एवढ्या मोठ्या गाडीची आधी रजिस्टरात नोंद व्हायला हवी.

त्या उंच शिडीचं आणखी एक दुखणं आहे. वर जायच्या आधी तिला खाली पाय पसरावे लागतात. चारी बाजूंचे जॅक टेकवायला रुंद आणि भक्कम जागा लागते. आपल्या इमारतीभोवती मोकळी जागा नकाशात असते. जमिनीवर तिथे पेव्हर ब्लॉक, त्याखाली पाण्याची टाकी आणि वर मेंबरांच्या गाड्या असतात. मुंबईच्या दलाकडे ९० मीटरची शिडी आहे, पार फिनलंडहून आणलेली. ती साधारण तिसाव्या मजल्यापर्यंत पोचते. त्याच मुंबईत साठ मजल्यांच्या इमारतींना परवानगी मिळते. वरच्या तीस मजल्यांचं काय? तर तिथे इमारतीने स्वतःला वाचवायचं. इमारतीचा पंप, इमारतीचे स्प्रिंकलर, इमारतीची फायर लिफ्ट. २२ ऑक्टोबर २०२१ला करी रोडच्या अशाच एका साठमजली इमारतीत आग लागली ती एकोणिसाव्या मजल्यावर, म्हणजे शिडीच्या टप्प्यात. तिथे धावून गेलेला एक सुरक्षारक्षक जीव वाचवताना बाल्कनीतून खाली पडून गेला. शिडीची उंची त्याच्या उपयोगी पडली नाही.

केंद्र जवळ असतं तर निदान रस्त्यावरची मिनिटं वाचली असती. केंद्राला जागा लागते, आणि जागा तर विकास आराखड्यात असतेच. नियोजन म्हणजे काय ते बघायचं असेल तर आराखड्याचा रंगीत नकाशा बघावा. सुरेख असतो. शाळा आहे, दवाखाना आहे, उद्यान आहे आणि कोपऱ्यात ‘अग्निशमन केंद्र’ असं आरक्षणही आहे. प्रत्यक्ष जाऊन बघावं तर त्या जागेवर मंगल कार्यालय, नाहीतर गॅरेज, नाहीतर बाभळी. दहा वर्षं कोणी तिकडे फिरकत नाही. मग प्रादेशिक नियोजन आणि नगररचना अधिनियमाचं कलम १२७ जागं होतं. दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर चोवीस महिन्यांत पालिकेने जागा घेतली नाही किंवा घेण्याची पावलंही टाकली नाहीत, तर आरक्षण व्यपगत.

आता या चोवीस महिन्यांचं कौतुक ऐका. पहिले काही महिने नोटीस आवक-जावकमध्ये असते. मग ती नगररचना विभागाकडे जाते, ते अग्निशमन विभागाचा अभिप्राय मागवतात. अग्निशमन विभाग लिहितो, जागेची नितांत आवश्यकता आहे. फाइल लेखा विभागाकडे जाते. लेखा विभाग लिहितो, तरतूद नाही. मग सभा. सभेत विषय तहकूब. पुढच्या सभेत पुन्हा तहकूब, कारण सभागृहात पाण्यावरून गोंधळ होतो. तोवर मालकाचे वकील दिवस मोजत असतात. एवढ्या मोठ्या पालिकेत कॅलेंडर फक्त त्यांच्याकडेच असतं. पंचविसाव्या महिन्यात आरक्षण उठतं, सत्ताविसाव्या महिन्यात तिथे फलक लागतो: ‘टू आणि थ्री बीएचके, सर्व सुविधांसह’. त्या सुविधांत अग्निशामक यंत्रणाही असते, माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर.

हे झोपेत होतं, असं मानणारे वाचक भाग्यवान आहेत.

शिवाय आपण यासाठी पैसे भरत नाही असंही नाही. मालमत्ता कराचं बिल कधी शेवटच्या आकड्यावर न जाता वरून वाचून बघा. राज्यातल्या बऱ्याच शहरांत त्यात सर्वसाधारण कराच्या जवळपास कुठेतरी अग्निशमन कर किंवा उपकर बसलेला असतो. घर बांधताना बिल्डरने अग्निशमन शुल्क वेगळं भरलेलं असतं, जे त्याने अर्थातच तुमच्याकडून घेतलेलं असतं. म्हणजे आपण दोनदा भरतो. पैसे जातात पालिकेच्या एकाच मोठ्या पिशवीत, आणि पिशवीतून बाहेर येताना त्यांना आपण कोणत्या कामासाठी आत गेलो होतो हे आठवत नाही. मुंबई-पुण्यासकट कितीतरी महापालिकांत २०२२ पासून वर्षानुवर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. तेव्हा तरी हा खर्च मार्गी लागायला हवा होता. अडवायला सभागृहच नव्हतं. प्रशासकांनी सुशोभीकरण केलं. दिव्याच्या खांबांना गुंडाळलेल्या रोषणाईच्या माळा तुम्हाला आठवत असतील.

बरं, असलेला बंब काय करतो? अहो, त्याला उसंत नसते. मंत्री हेलिकॉप्टरने येणार असले की सकाळपासून बंब हेलिपॅडवर. नियमाप्रमाणे तो तिथे लागतोच, पण धुरळा उडून साहेबांच्या पांढऱ्या कपड्यांवर बसू नये म्हणून मैदानावर पाणी मारायचं काम नियमात नाही, ते प्रेमापोटी होतं. जयंतीला पुतळ्याला उंचावरून हार घालायला शिडी. आदल्या दिवशी पुतळा धुवायला होज. दहीहंडीला गोविंदांवर फवारा. पावसाळ्यात पडलेलं झाड, संक्रांतीत मांजात अडकलेली घार, बारा महिने विहिरीत पडलेला बैल, कठड्यावर अडकलेलं मांजर. शेवटच्या चार गोष्टींबद्दल माझा जराही वाद नाही. रेस्क्यू त्यांचंच काम आहे आणि ते जीव ओतून करतात. गावात एकच बंब असला आणि तो हेलिपॅडवर उभा असला, तर बाजारपेठेने पेट घ्यायला दुपारचे चार वाजेपर्यंत थांबावं, एवढीच विनंती. चारला साहेब उडतात.

आता जरा सोसायट्यांकडे वळू, कारण सगळं पालिकेच्या माथी मारून आपण मोकळे होतो. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. नाव वाचूनच धाप लागते. त्यात साधी सोय आहे: इमारतीतली यंत्रणा चालू आहे असं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म ब, वर्षातून दोनदा द्यायचं. जानेवारीत एकदा, जुलैत एकदा. जानेवारीत सेक्रेटरी म्हणतात, मार्चनंतर बघू. जुलैत म्हणतात, पाऊस आहे, आता कसली आग. ज्या सोसायट्या ते देतात, त्यांतल्या कितींनी पंपाचं बटण प्रत्यक्ष दाबून बघितलं, ते एजन्सीलाच ठाऊक. लाल पेटीची काच फुटलेली. आत होज नाही, कारण त्याने मागच्या मे महिन्यात पार्किंग धुतलं गेलं. होजचं पितळी नोझल नाही, कारण पितळ भंगारात किलोवर जातं. ‘रेफ्युज एरिया’ अशी पाटी आहे; म्हणजे जिथे माणसांनी आगीच्या वेळी आसरा घ्यायचा, तिथे गेल्या वर्षीच्या गणपतीचं मखर, थर्माकोलसकट, आधीच आसऱ्याला आहे.

ही यंत्रणा तपासायला पालिकेकडे माणसं किती? तोच आकृतिबंध, तीच पस्तीस टक्क्यांची रेषा. शहराला लाखो मिळकती आणि तपासणीला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके अधिकारी, आणि त्याच अधिकाऱ्यांनी रात्री वर्दीवरही जायचं. मग तपासणी कधी होते? मोठी आग लागून गेली की होते. तेव्हा कशी जोरात होते.

त्याचा क्रम आता पाठ झालाय. प्राथमिक अंदाज, शॉर्टसर्किट. मुख्यमंत्र्यांचं दुःख. वारसांना पाच लाख. चौकशी समिती. राज्यभर फायर ऑडिटचे आदेश. २०२१ हे एकच वर्ष घ्या. ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली, दहा बाळं गेली. त्या रुग्णालयाच्या अग्निसुरक्षेचा प्रस्ताव आधीच वर गेलेला होता, आणि वर गेलेल्या गोष्टी सहसा वरच राहतात. राज्यातल्या सगळ्या रुग्णालयांच्या ऑडिटचा आदेश निघाला. मार्चमध्ये भांडुपला मॉलमधलं रुग्णालय. एप्रिलमध्ये विरारला अतिदक्षता विभाग. पुन्हा आदेश. ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग, अकरा रुग्ण. पुन्हा आदेश. एका वर्षात ऑडिटवर ऑडिट झाली असं कागद सांगतात. कागदांचं काय सांगावं. २१ जून २०१२ला खुद्द मंत्रालय पेटलं, पाच माणसं गेली, तेव्हा राज्याला आगीपासून जपण्याचा कायदा होऊन काही वर्षं लोटली होती, आणि त्याचे कागद त्याच इमारतीत असणार.

ऑडिटमध्ये ‘त्रुटी’ निघतात. त्रुटीची पूर्तता करायला निधी लागतो. निधीचा प्रस्ताव जातो. ऑडिट करणाऱ्याने आपलं काम केलं, प्रस्ताव पाठवणाऱ्याने आपलं केलं. पुढच्या आगीत दोघेही आपापली जावक क्रमांकाची पावती दाखवून सुटतात.

सुटत नाहीत ते एकच लोक. ९ मे २०१५ला काळबादेवीत गोकुळ निवास ही जुनी इमारत पेटली. आत शिरलेल्या अधिकाऱ्यांवर ती कोसळली. मुंबई अग्निशमन दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी गेले. नेसरीकर काही दिवस रुग्णालयात झुंजले. कुठल्या खात्याचा प्रमुख आपल्या खात्याच्या कामात असा पुढे असतो, ते एकदा आठवून बघा. १४ एप्रिल १९४४ला मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन बोटीचा स्फोट झाला, त्यात आग विझवायला गेलेले ६६ जवान मेले, म्हणून तो दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन. आठवडा साजरा होतो. खिशाला छोटी चिकटपट्टीची पताका लावतात, शाळेत प्रात्यक्षिक होतं, फोमने पोरं खूश. त्या आठवड्यात भाषण करणाऱ्या पाहुण्यांनी मोकळ्या पदांची यादी मागितल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. आणि ज्या राज्याला शिकवणारे शोधायला लांब जावं लागतं, ते राज्य महाराष्ट्र नव्हे. सबंध देशाला आग विझवायला शिकवणारं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५७ पासून आमच्याच नागपुरात आहे. दिव्याखाली अंधार म्हणतात, इथे बंबाखाली.

हे झालं शहरांचं. खेड्यांनी फार मनाला लावून घेऊ नये, कारण घटनेच्या हिशेबाने खेड्याला आग लागतच नाही. ७४व्या दुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत शहरांच्या संस्थांसाठी अठरा विषय घातले, त्यात सातव्या क्रमांकावर अग्निशमन सेवा आहे. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत एकोणतीस विषय. मत्स्यव्यवसाय आहे, खादी आहे, वाचनालयं आहेत, बाजार आणि जत्रा आहेत. आग नाही. जत्रा भरवावी हे पंचायतीने बघायचं. जत्रेतलं पाल पेटलं तर बघायचं कोणी, यावर यादी गप्प आहे.

गोव्यात सेवा राज्य सरकारची, तरी कहाणी फार वेगळी नाही. ६ डिसेंबर २०२५च्या रात्री हडफड्यात नाइट क्लबला आग लागली, पंचवीस जण गेले. बहुतेक तिथेच राबणारे. वाट इतकी अरुंद की बंब लांब उभे करावे लागले. पंचायतीने ते बांधकाम पाडायची नोटीस काढली होती आणि वरून तिला स्थगिती मिळाली होती, हे नंतर बाहेर आलं. पंचायत छोटी, नोटीस छोटी. स्थगिती तेवढी वरच्या दर्जाची.

आमच्या पश्चिम महाराष्ट्रातल्या गावांत कडब्याची गंजी पेटली, गोठा पेटला, उसाच्या फडात आग शिरली की लोक १०१ लावत नाहीत. लावला तर तो तालुक्याच्या नगरपरिषदेत लागतो, आणि तिथून पहिला सवाल येतो: हद्दीतलं का हद्दीबाहेरचं? हद्दीबाहेर यायला वेगळा दर आहे, आणि पैसे कोण भरणार हे आधी ठरलं तर बरं. म्हणून लोक साखर कारखान्याला फोन करतात. कारखान्याचा बंब येतो, पाणी मारतो, दर विचारत नाही. यंत्रणा झकास आहे, दोन बारीक अडचणी सोडल्या तर. हंगाम मार्च-एप्रिलमध्ये आटोपतो, निम्मी माणसं घरी जातात, आणि गंज्या पेटतात त्या त्यानंतरच्या उन्हात. दुसरी अडचण अशी की बंब सोडायचा तर चेअरमनसाहेबांच्या कानावर घालावं लागतं. मागच्या निवडणुकीत विरोधी पॅनेलला मतं घालणाऱ्या गावाचा फोन साहेब कितव्या रिंगला उचलतात, त्याची नोंद ठेवायला सरकारी पाहणीत रकाना नव्हता.